‘काउंट कमी, म्हणजे बाप होणं अशक्य’ हा मेसेज चुकीचा

ऐरोली-घणसोलीच्या सोसायटी ग्रुपांवर फिरतंय: वीर्यतपासणीत शुक्राणू मिलिलिटरमागे 1.6 कोटींच्या खाली आले की मूल विसरा. साफ चूक. जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 चा हा आकडा वर्षभरात जोडीदाराला दिवस राहिलेल्या पुरुषांवरूनच काढलाय. त्यातल्या 5 टक्क्यांचा काउंट याहून कमीच होता! शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून मागच्या महिन्यातला जोराचा तापही रिपोर्ट बिघडवतो. तपासणी पुन्हा करतात. जिममधलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तर काउंट पार शून्यावर आणू शकतं (हे ट्रेनर सांगत नाही). आकडा सारखा कमीच आला, तर डॉक्टर हार्मोन, शुगर, वृषणाची सोनोग्राफीही करायला सांगतात. लपलेला मधुमेह कधीकधी तिथेच सापडतो.