डिझेल बदललं का रबर मेलं? फाट्यावरचा वाद

आमच्या फाट्यावर संध्याकाळी वाद होतोच, कधी संत्र्याच्या भावाचा, कधी पीकविम्याचा, पण परवा तो झाला एका ट्रकखालच्या ओल्या डागावरून. वरूड-पांढुर्णा रोडच्या कडेला दादाचा जुना सहाचाकी उभा, इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या फ्युएल पंपाखालून थेंब थेंब डिझेल गळून रायलं, अन् दादा तावातावानं सांगतोय, "इतके वर्षं गाडी चालवली, पंप कधी ओला नाई झाला. हे बिनगंधकाचं डिझेल आलं अन् सत्यानाश झाला. गंधकच काढून टाकलं तं पंपाले धरून ठेवाले रायलं काय?"

दादाचं अर्धं म्हणणं मला पटतं, अर्धं अजिबात नाही. आपल्याकडे अशा जुन्या गाड्या कापूस, खत, संत्रा भरून अजून रोज पळतात आणि सगळ्यांच्याच पंपाबद्दल हीच कुरकुर ऐकू येते, म्हणून कोण काय बोललं ते नीट लिहून टाकतोय.

सगळ्यात आधी चिडला तो पेट्रोल पंपावर कामाला असलेला पोट्टा, कारण कोणाची गाडी बिघडली की बोट त्याच्याकडेच. "भाऊ, आम्ही काही मिसळत नाई. डिझेल वरूनच तसं येते, दहा पीपीएमचं." म्हणजे दहा लाख भागात गंधकाचे फक्त दहा भाग. गुरुजींनी (हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, आता रिटायर) लगेच हिशोब मांडला. 2010 साली देशभर बीएस-3 (भारत स्टेज, प्रदूषणाचे सरकारी नियम) आलं तेव्हा गंधकाची मर्यादा 350 पीपीएम होती, 2017 च्या एप्रिलात सगळीकडे बीएस-4 झालं तेव्हा 50, आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे 10. दादाची गाडी ज्या जमान्यातली आहे त्या वेळी तर हजारोंत असायचं. "म्हंजे मी खोटं नाई बोलत ना?" दादा. "डिझेल बदललं हे खरं हाये," गुरुजी म्हणाले, "पन गंधक काही गळती थांबवत नवतं."

इथून खरा वाद पेटला.

मिस्त्री इतका वेळ खर्रा घोटत गप्प बसला होता. तो म्हणाला, "पंपातले ओरिंग, म्हंजे सांध्यातल्या गोल रबरी कड्या, साध्या काळ्या रबराचे रायतात, नायट्राइलचे. डिझेल पिऊन थे फुगते, फुगलं का घट्ट बसते. हरभरा भिजवला का फुगते ना, तसंच. आता डिझेलच असं आलं का त्याच्यानं रबर तेवढं फुगत नाई. मंग जुनं कडक झालेलं ओरिंग आकसते अन् फट पडते." पण डिझेलमध्ये असं काय होतं ज्यानं रबर फुगायचं, हे त्याला सांगता येईना, ते गुरुजींनी सांगितलं. डिझेलात ॲरोमॅटिक नावाचे घटक असतात, रबर फुगवायचं काम त्यांचं. रिफायनरीत गंधक काढायला डिझेल खूप तापवून, दाबाखाली हायड्रोजनसोबत कॅटॅलिस्टवरून (रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ) नेतात, त्यात गंधक तर जातंच पण काही ॲरोमॅटिकही कमी होतात. म्हणजे गंधकाची भीती धरून बसलो तर खरं कारण नजरेआडच राहतं.

दादा ऐकायला तयारच नाही. "मंग 2020 लेच गळाले पायजे होतं, आता काहून?" प्रश्न बिनतोड होता, सगळे गप्प झाले. मग मिस्त्रीनंच विचारलं, "तुह्या गाडीचे ओरिंग कधी बदलले?" दादाला आठवेना, पंपाचं कॅलिब्रेशन (डिझेलचं माप जुळवणं) केलं होतं कधीतरी, तेव्हा काय टाकलं कोणाला माहीत. मिस्त्री म्हणाला, नवं रबर लवचिक असते, थोडं आकसलं तरी दाबून बसते. इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षं दबून राहिलं की त्याची उसळीच मरते, मग डिझेल थोडं बदललं, गाडी काही दिवस बंद राहिली, थंडी पडली, कशानंही ते गळतं. आणि इथे मला एक गोष्ट लक्षात आली ती मी बोलून दाखवली. नवीन डिझेल देशभर आलं ते बरोबर लॉकडाऊनमध्ये. मार्च 2020 च्या शेवटी गाड्या उभ्या झाल्या, कित्येकांच्या तर लांब काळ जागेवरच होत्या, सील कोरडे पडले, आणि सुरू केल्या तेव्हा टाकीत नवं डिझेल. तेव्हा ज्यांच्या गाड्या गळायला लागल्या त्यांनी सगळा दोष डिझेलला दिला तर नवल नाही. मिस्त्रीनं मान हलवली, त्या पावसाळ्यात त्याच्याकडे असे पंप आले होते म्हणे.

बरं हे काही आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत 1993 च्या ऑक्टोबरात डिझेलमधलं गंधक 500 पीपीएमवर आणलं तेव्हा तिथंही जुन्या ट्रकचे पंप गळायला लागले होते, कॅलिफोर्नियात तर मोठी बोंबाबोंब झाली होती, आणि तिथंही जुनं नायट्राइल रबरच जास्त गळत होतं. गुरुजींनी हे सांगितल्यावर दादा जरा थंडावला. तिकडचे ट्रकवालेही याच रस्त्यानं गेले म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं असावं.

पण मग तो दुसऱ्याच मुद्द्यावर गेला. "माह्या साळ्यानं सांगतलं का टाकीत थोडं टू-स्ट्रोक ऑइल टाकाचं, नाई तं जळालेलं ऑइल, म्हंजे पंपाले वंगण भेटते." इथं मात्र मिस्त्री तापला. जळालेल्या ऑइलात कार्बन आणि धातूचा कीस असतो, तो इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलात जाणार, नोझल चोंदणार, मग धूर आणि ॲव्हरेजची बोंब. रॉकेल मिसळणारे तर अजून वाईट करतात, रॉकेल पातळ, त्याला वंगणाचा गुण डिझेलपेक्षा कमी. वंगणाची भीती मात्र अगदी खोटी नाही, स्वीडनमध्ये 1991 च्या सुमारास अगदी कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा पंप घासून खराब झाले होते, कारण रिफायनरीत गंधकासोबत वंगण देणारे घटकही निघून गेले होते. रोटरी प्रकारच्या फ्युएल पंपाला जास्त त्रास होतो, तो पूर्ण डिझेलवरच वंगण घेतो. पण त्यानंतर रिफायनरीतच डिझेलात वंगणाचा ॲडिटिव्ह टाकायला लागले आणि आपल्या आयएस 1460 या मानकात घासण्याच्या टेस्टची मर्यादाही आहे, घासल्याची खूण 460 मायक्रॉनपेक्षा मोठी चालत नाही. म्हणजे चांगल्या पेट्रोल पंपावरचं डिझेल असेल तर टाकीत आणखी काही ओतायचं कारण नाही, आणि ओतलं तरी मेलेलं रबर काही जिवंत होत नाही.

"मंग करू काय?" दादा.

मिस्त्रीचं उत्तर असं होतं. पंप काढून चांगल्या फ्युएल पंपवाल्याकडे न्यायचा, अमरावतीला किंवा नागपूरला, आणि ओरिंग, शाफ्ट सील, फीड पंपाचं (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचं) पॅकिंग सगळं व्हायटनमध्ये टाकायला सांगायचं. व्हायटन म्हणजे फ्लोरिनवालं रबर, डिझेल बदललं तरी त्याला फारसा फरक पडत नाही, किंमत जास्त पण पुन्हा पुन्हा पंप काढायचा खर्च वाचतो. नुसत्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, व्हायटन तपकिरी, हिरवं, काळं कसंही येतं, हातात घेतलं की त्याच मापाच्या साध्या ओरिंगपेक्षा जड लागतं. फक्त गळणारी एक जागा बदलून बाकी जुनं ठेवायचं नाही, आठ दिवसात शेजारची जागा गळायला लागते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते त्यानं शेवटी सांगितलं आणि हे कोणी बोलतच नाही. बाहेर गळणारं डिझेल दिसतं तरी, आत गळणारं दिसत नाही. ज्या पंपाच्या कॅमला (पंप चालवणाऱ्या फिरत्या दांड्याला) इंजिनाचंच ऑइल जातं तिथं फीड पंपाचं सील गेलं की डिझेल ऑइलात उतरतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंग जातं, मग क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडाच. आणि सक्शनच्या, म्हणजे डिझेल ओढण्याच्या बाजूला फट असली की तिथून डिझेल गळण्याऐवजी हवा आत जाते, गाडी सकाळी स्टार्ट होत नाही, हँड प्रायमर (हातानं डिझेल चढवायचा पंप) मारत बसावं लागतं, ड्रायव्हर लोक बॅटरीला शिव्या घालतात.

दादानं तिथंच डिपस्टिक काढली. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर, बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, वासही डिझेलचाच. उद्या मोर्शीला खताच्या पोत्यांची खेप ठरलेली, दादा म्हणाला एवढी मारून येतो मग दाखवतो. मिस्त्री म्हणाला, "बिलकुल नाई. आजच ऑइल सोड, गाडी हलवू नको, पंप उद्या सकाळी मी काढतो." खेपेचं काय, पैसे कोण देणार, यावर दोघं बराच वेळ भांडले, पोट्टा त्याच्या ओळखीच्या पिकअपवाल्याला फोन लावत बसला, आणि रात्री आठच्या सुमारास पिकअपवाला दोन फेऱ्यांत खत न्यायला तयार झाला. ऑइल तेव्हाच सोडलं.