वांग्याला तीन

कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी बिघडवायची म्हणजे अंगात कला लागते. ती सांगलीतल्या एका कॉलेजच्या कँटीनवाल्याकडे आहे, हे मी सात दिवसांच्या प्रत्यक्ष निरीक्षणावरून सांगते. निमित्त पीएच.डी.वाल्यांच्या संशोधन पद्धती कार्यशाळेचं. वय बेचाळीस, रोज सकाळी तासगावहून एसटी, सात रजा गेल्या, फी वेगळी. का, तर सर्टिफिकेट फाइलला लागतं.

शेवटच्या दिवशी ते घ्यायला ऑफिसात गेले, तर भाऊसाहेबांनी अभिप्रायाचा फॉर्म पुढे सरकवला. वर ठळक अक्षरांत 'गोपनीय. नाव लिहू नये.' खाली सहीला जागा. दहा प्रश्न, प्रत्येकापुढे एक ते पाच. नऊ ठिकाणी मी चार-पाचवर टिक केली आणि जेवणापुढे तीनवर. मनात एक होता, पण माहेरचे संस्कार आडवे आले.

भाऊसाहेबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला.

"मॅडम, हे तीन काय?"

"तटस्थ."

"जेवलात का नाही?"

"जेवले."

"रोज?"

"रोज."

"मग तटस्थ कसं? जेवलेला माणूस तटस्थ नसतो. आणि उपाशी तर नसतोच नसतो."

याला काय बोलणार? रेन्सिस लिकर्टने १९३२ साली ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी काढली, तेव्हा त्याच्यासमोर भाऊसाहेब नव्हते. (उच्चार लिकर्टच. आमचे तज्ज्ञ सातही दिवस लाइकर्ट म्हणत होते. मी दुरुस्त केलं नाही. तिथेही तटस्थ.)

"भाऊसाहेब, परवाच वर्गात शिकवलं, उत्तर देणाऱ्यावर दबाव आणायचा नाही."

"दबाव कुठाय? पाच करा म्हणतोय फक्त. बाकी सगळ्यांनी केलं. तुमच्या एकटीच्या तीनामुळं सरासरी मोडती. अहवाल वर जातोय मॅडम, वर." आणि त्यांनी पंख्याकडे बोट केलं.

फॉर्मची विश्वासार्हता, म्हणजे त्यातल्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, हे मोजायला क्रॉनबॅकचा अल्फा नावाचा आकडा काढतात, १९५१ सालचा. तो ०.७ च्या वर आला की आम्ही पेढे वाटतो. पण सगळ्यांनी सगळीकडे पाचच लिहिले तर उत्तरांत फरकच उरत नाही, शून्याला शून्याने भागायची वेळ येते आणि अल्फा निघतच नाही. हे भाऊसाहेबांना सांगायचा मोह आवरला. एका वांग्याला इतका वेळ लागला होता, अल्फाला दिवाळी उजाडली असती.

आकड्यांवरून आठवलं. माझा विषय मार्केट यार्डातले हळदीचे हमाल. वर्गात प्रत्येकाला नमुना विचारला, म्हणजे किती जणांकडून प्रश्नावली भरून घेणार. ऊसतोड मजूर : ३८४. आशा सेविका : ३८४. द्राक्ष बागायतदार : ३८४. किती लोकसंख्येला किती नमुना घ्यायचा हे सांगणाऱ्या क्रेजसी-मॉर्गनच्या १९७० च्या तक्त्यात दहा लाख लोकसंख्येपुढे हा आकडा आहे, आणि आमच्याकडे तो शुभ मानतात. मी विचारलं, "सर, माझे हमाल हजारच धरले तर तोच तक्ता २७८ म्हणतो." सर म्हणाले, "राहू द्या हो, जास्त असलेले बरे. व्हायवाला कुणी बोलत नाही." संपली शंका. पुढची स्लाइड.

मी हे हसण्यावारी नेतेय, पण राग आहे. मागच्या महिन्यात प्रश्नावली घेऊन यार्डात गेले, तर एक हमाल पाठीवर पोतं घेऊन तसाच थांबला. म्हणाला, "बाई, पोतं उतरवून सांगू का असंच?" मी कसनुशी बाजूला झाले. अशा माणसाला कधी थांबवायचं, कधी नाही, त्याची मजुरी बुडाली तर कुणी भरायची, हे ऐकायला मी रजा टाकून गेले होते. मिळालं काय, तर 'संशोधनाची वैशिष्ट्ये', सात मुद्दे, दोनदा. सांगलीजवळच्या हरिपूरला पूर्वी जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे. ती तरी वर काढल्यावर कामाला यायची.

असो. पाच वाजत आले होते, तासगावची एसटी डोळ्यांपुढे. मी तीन खोडून पाच केले.

"खाडाखोड चालत नाही मॅडम."

"मग नवा फॉर्म द्या."

भाऊसाहेबांनी खण उघडला. आत फॉर्मचा गठ्ठा, सगळे भरलेले, पाच-पाच-पाच, एकाच निळ्या शाईत. वरचा काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "अडचणीला असावेत म्हणून ठेवतो. निस्ती सही करा."

मी सही केली. सर्टिफिकेट हातात पडलं. वळता वळता त्या फॉर्मच्या तळाशी नजर गेली. 'इतर सूचना' या ओळीत वळणदार अक्षरात लिहिलं होतं : जेवण उत्तम. कार्यशाळा पंधरा दिवसांची हवी होती.