‘नुसतं खेळवतात, गृहपाठ अर्धाच’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. मुलगा शाळेनंतर अडीच तास आमच्याकडे असतो तरी गृहपाठ अर्धाच घरी येतो, सकाळी शाळेआधी नुसते खेळ आणि कोडी चालतात, दोन महिन्यांत अभ्यासात फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं, शिकवणाऱ्या ताईंनाही दाखवलं.

अर्धी वही दप्तरात गेली आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही सरळसरळ आमची चूक. दिवसभर राबून घरी आल्यावर रात्री झोपायच्या वेळी ते कळलं, की आईवडील आणि मूल दोघांचे हाल होतात. मनापासून माफी मागते.

पण गृहपाठ अर्धा का राहतो, तेही सांगायला हवं. तुमच्या मुलाबद्दल इथे चारचौघांत लिहिणार नाही. मात्र दुसरी-तिसरीतली बरीच मुलं ५२ वजा २७ चं उत्तर ३५ काढतात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून उलटं सातातून दोन घालवतात. ‘२५ लिही’ म्हटलं की पान दहा मिनिटांत पुरं होतं. ताई तसं न करता काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे पुढे ठेवतात आणि एक गठ्ठा मुलालाच सोडायला लावतात. रबर निघतं, काड्या टेबलभर पसरतात, मूल मोजतं आणि ओरडतं, ‘अरे, सुट्या बारा झाल्या!’ एका गणिताला पंधरा मिनिटं जातात, खालची सहा राहून जातात. ही पद्धत मी बदलणार नाही.

सकाळची कोडी म्हणजे आदल्या दिवशीचाच अभ्यास. शिकलेलं सुरुवातीलाच भराभर विसरायला होतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून मांडलं. म्हणून कालची वजाबाकी आज वही न उघडता विचारतो, दुकान-दुकान खेळताना सुटे पैसे परत द्यायला लावून. बघणाऱ्याला तो खेळच वाटणार, आणि पालकांना हे आधी समजावून द्यायला हवं होतं. शाळेतून आल्यावरचा पहिला अर्धा तास मात्र खरंच खेळाचा आहे. तासन्‌तास बसून आलेल्या मुलाच्या हातात लगेच पेन्सिल देणं मला पटत नाही.

सोमवारपासून मूल निघताना डायरीत दोन ओळी असतील: काय राहिलं, आणि कुठे अडलं. त्याच्या दोन महिन्यांच्या सरावाच्या वह्या आमच्याकडे खाडाखोडीसकट ठेवलेल्या आहेत. तुमच्या सोयीनं या, शेजारी बसून बघू. उशीर होणार असेल तर कळवा, मी थांबेन.