ओला रुमाल, पंखा आणि गुळाचा खडा: लाकडाची धूळ यांनी अडत नाही

घरी हौसेनं सुतारकाम करणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: लाकडाची धूळ नैसर्गिक, तिने काही होत नाही, घासताना तोंडाला ओला रुमाल बांधा, पंखा लावा, संध्याकाळी गुळाचा खडा खा, मास्क-व्हॅक्यूमवर पैसे घालवू नका. हे वाचून लोक बंद खोलीत सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, चालवतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

'नैसर्गिक आहे.' जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. इंग्लंडमधल्या हाय विकम भागात फर्निचर बनवणाऱ्या कारागिरांना नाकाच्या पोकळीचा, एरवी फार दुर्मीळ, कर्करोग होतोय हे तिथल्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं होतं. ते कारागीर वर्षानुवर्षं धुळीत होते, हौशी माणसाला धोका तेवढा नाही, हे मान्य. पण शिंका, दम लागणं, सागाच्या धुळीने मानेला सुटणारी खाज यांना वर्षं लागत नाहीत. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा गोंदाने दाबून केलेल्या फळ्या, यांच्या धुळीत तर गोंदातलं फॉर्माल्डिहाइड हे घातक रसायनही असतं.

'ओला रुमाल पुरतो.' रुमाल सोडल्यावर नाकपुडी ओल्या कापसाने पुसून बघा. कापूस तपकिरी होतो. रुमालात अडतो तो जाड भुसा, तो तसाही नाकातच अडला असता. फुफ्फुसात खोल जाणारे कण १० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक, केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून लहान. ते विणीतून जातात आणि त्याहून जास्त गालाजवळच्या फटीतून. एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क घ्या, आणि दाढी असेल तर तो नीट बसत नाही हे लक्षात ठेवा.

'पंखा लावा.' टेबलफॅन धूळ बाहेर काढत नाही, खालची उडवून पुन्हा तोंडाशी आणतो. एक मायक्रॉनचा कण स्थिर हवेतही खाली बसायला कित्येक तास घेतो. खिडकीत बाहेर तोंड करून पंखा बसवला आणि समोरचं दार उघडं ठेवलं, तर मात्र उपयोग आहे.

'गूळ खा.' गूळ अन्ननलिकेत जातो, श्वासनलिकेत नाही. १९९४ चा उंदरांवरचा एक प्रयोग पुरावा म्हणून पुढे करतात, पण तो लाकडाच्या धुळीवर नव्हता. गूळ आवडतो म्हणून जरूर खा.

पैसे घालायचे तर धूळ उठते तिथेच ती ओढण्यावर घाला. सँडरच्या बुडाला भोकं असतात. सँडपेपरची (घासायच्या कागदाची) भोकं त्यांच्यावर तंतोतंत बसवा आणि व्हॅक्यूमचा पाइप जोडा. भोकं सरकली तर ओढ कमी होते, आणि हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. हाताने घासत असाल तर व्हॅक्यूमचं तोंड पेपरजवळ धरा. नंतर झाडू नको, ओलं फडकं वापरा. आणि मशीन बंद केलं की लगेच मास्क काढू नका. बारीक धूळ तेव्हाही हवेतच असते, अर्धा तास तरी तो तोंडावर राहू द्या.