३४७ कामं आणि एक नळ

मंगळवारी सकाळी दात घासता घासता फोन बघितला तर ॲपच्या आयकॉनवर लाल टिकली आणि टिकलीत आकडा ३४७. म्हणजे आज मला ३४७ कामं करायची होती. त्यातली ३३१ मुदत उलटून गेलेली म्हणून लाल अक्षरात, उरलेली १६ अजून काळी होती पण दिवस मावळेपर्यंत आपलंही तेच होणार हे त्यांच्याकडे बघूनच कळत होतं. दिवसाचे २४ तास एवढ्या कामांना सारखे वाटले तर एकेकाला साधारण चार मिनिटं येतात, झोप जेवण आंघोळ सगळं रद्द धरून. हा हिशोब करण्यात माझी चार मिनिटं गेली आणि हे काम तर यादीत नव्हतंच.

अशा प्रसंगासाठी ॲपमध्ये एक बटण असतं, सगळी थकीत कामं एका फटक्यात उद्यावर ढकलायचं. दाबलं. काय सांगू, पानभर लाल रंग सर्रकन गेला आणि इतकं मोकळं वाटलं की आपण कामं खरंच उरकली असं समजून मी दुसरा चहा घेतला. बुधवारी सकाळी टिकलीत ३५२.

हे सगळं सुरू झालं नळापासून. २०१७ साली आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, आई म्हणाली अरे जरा प्लंबरला सांग, मी हो म्हटलं आणि विसरलो, दुसऱ्यांदा विसरलो, तिसऱ्यांदा विसरलो तेव्हा ती म्हणाली मी काही लक्षात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारते, तूही मार. आता मी पदर कुठून आणू? म्हणून मी वंडरलिस्ट घेतलं. बर्लिनच्या पोरांनी बनवलेलं ॲप, मागे लाकडाचा छान फोटो, काम झालं की टिंग असा गोड आवाज. पहिलं काम टाकलं 'नळ – वॉशर'. ते टाकलं आणि त्या रात्री मला इतकी शांत झोप लागली, नळ टपटपत होता तरी.

त्या झोपेचं कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं. ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली दाखवून दिलं होतं की पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट सुटलेली कामं माणसाच्या जास्त लक्षात राहतात. ही कल्पना म्हणे बर्लिनच्या हॉटेलातल्या वेटरवरून निघाली, बिल भरेपर्यंत त्याला सगळ्या ऑर्डरी पाठ आणि पैसे मिळाले की पाटी कोरी. हे बघायला बर्लिनला जायची गरज नाही, आमच्या कोपऱ्यावरच्या उडप्याकडे दोन साधा एक मसाला तीन फिल्टर असं आठ टेबलांचं डोक्यात घेऊन फिरणारा अण्णा आहेच, आणि काउंटरवर पैसे देऊन झाल्यावर त्याला विचारा आम्ही काय खाल्लं, तर तो तुम्हालाच विचारेल तुम्ही कोण. पण खरी गंमत पुढे आहे. २०११ मध्ये दोन संशोधकांनी दाखवलं की ती टोचणी थांबवायला काम पूर्ण करायचीसुद्धा गरज नसते, कधी कुठे कसं करणार एवढा नीट प्लॅन केला तरी डोकं गप्प बसतं. माझा घात झाला तो इथे. मी प्लॅन केला, डोकं गप्प बसलं, नळ बसला नाही.

मग जे डोक्याला टोचेल ते मी ॲपमध्ये टाकत सुटलो. २०१५ मध्येच मायक्रोसॉफ्टने वंडरलिस्ट विकत घेतलं होतं, आणि ६ मे २०२० ला ते बंद झालं. ऐन लॉकडाऊन. लोक घरात पीठ चाळून पाव भाजत होते आणि मी २१२ कामांचं स्थलांतर करत होतो. वास्तविक ही किती चांगली संधी होती, वस्ती बदलतोय तर जुनं सामान टाकून द्यावं, पण नाही, मी एकेक काम हातात घेऊन बघितलं आणि शाळेत कसं नापास पोराला बाबापुता करून वरच्या वर्गात ढकलतात तशी २१२ च्या २१२ ढकलगाडीने नव्या ॲपात नेली. तिथून मग तिसऱ्यात, तिथून चौथ्यात. 'नळ – वॉशर' प्रत्येक इयत्तेत पहिल्या बाकावर.

आता या जुन्या कामांची एक वेगळीच व्यथा आहे, ती म्हणजे त्यातली निम्मी काय आहेत हेच मला कळत नाही. एक काम आहे 'बाबा – ते'. बस, एवढंच. ते म्हणजे काय? बाबांना विचारलं तर ते म्हणाले तूच म्हणाला होतास करतो म्हणून, आता काय ते तुला माहीत. दुसरं आहे 'जोशी??' आमच्या ओळखीत जोशी किमान अकरा, प्रश्नचिन्हं दोन. आणि सगळ्यात वर, लाल झेंडा लावलेलं, 'निळी फाईल!!!' तीन उद्गारचिन्हं. मी साधारण कशालाच तीन उद्गारचिन्हं देत नाही, मुलगी झाली तेव्हा व्हॉट्सॲपवर दोन दिली होती. म्हणजे ही फाईल काय असेल विचार करा! रात्री दोन वाजता जाग येते आणि वाटतं, ती फाईल. पण डिलीट करायची हिंमत होत नाही, आणि करायचं काय ते माहीत नाही, त्यामुळे दर रविवारी मी तिला आदराने पुढच्या रविवारावर सरकवतो.

दर रविवारी हे यासाठी, की डेव्हिड ॲलन म्हणून अमेरिकन गृहस्थ आहेत त्यांची पद्धत आहे, आठवड्यातून एकदा सगळ्या याद्यांचा आढावा घ्यायचा. २००१ पासून जगभर लोक ती पाळतात. त्यांचा दुसरा नियम दोन मिनिटांचा, जे काम दोन मिनिटांत होतं ते यादीत लिहूच नका, लगेच करून टाका. नियम उत्तम आहे पण तो मराठीत चालत नाही. आपल्याकडे दोन मिनिटं हे वेळेचं माप नाहीच, ती एक भावना आहे. 'दोन मिनिटांत आलो' असं म्हणणारा माणूस अजून टॉवेलवर असतो. त्यामुळे मी 'दोन मिनिटांचं काम' म्हणून सोसायटीच्या ऑफिसात एक सही आणायला गेलो आणि पार्किंगच्या पट्ट्यांवरून चाललेल्या मीटिंगमध्ये दीड तास बसून परत आलो, उपसमितीचा सदस्य होऊन. यादीत चार कामं वाढली.

मग काय काय नाही केलं. पोमोडोरो केलं, म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो, फ्रांचेस्को चिरिलो नावाच्या विद्यार्थ्याने ८० च्या दशकात स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून अभ्यास केला त्यावरून. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं आराम. त्या पोराच्या दारावर २५ मिनिटांत कचरेवाल्या ताई, इस्त्रीवाला, कुरिअर आणि 'काका बॉल आलाय का' येत नसावेत. आयझेनहॉवरचे चार चौकोनही काढले, तातडीचं काय आणि महत्त्वाचं काय. त्यांचं बरं होतं, त्यांच्याकडे फक्त अमेरिका होती. आमच्या घरी तातडीचं काय हे आई ठरवते आणि महत्त्वाचं काय हे बायको, उरलेले दोन चौकोन माझे.

लोकेशनवर आठवण करून देणारी सोयही वापरली, म्हणजे दुकानाजवळ गेलं की फोन वाजतो. लक्ष्मी रोडच्या एका दुकानाचं टाकून ठेवलं. फोन वाजला हो, अगदी इमानेइतबारे वाजला, मी गाडीवर होतो, मागून बस हॉर्न देत होती, फोन पँटच्या खिशात होता, आणि तो बाहेर काढून वाचेपर्यंत दुकान मागे गेलेलं. लक्ष्मी रोड वन-वे. परत तिथे यायचं तर अख्ख्या पेठेला वळसा. वळसा घातला, पुन्हा दुकानापाशी आलो, पुन्हा फोन वाजला, पार्किंग नाही. घरी आलो तर बायको म्हणाली फॉल-बिडिंग राहू दे, आपल्या खालीच एक बाई करतात.

बायकोला यादीत घ्यायचा प्रयोग तर विचारूच नका. कामं वाटून घेऊ म्हणून मी तिला शेअर केलं, मनात होतं की निदान शंभरेक तिकडे सरकतील. तिने आमंत्रण स्वीकारलं, पाच मिनिटांत माझ्या नावावर ११ कामं टाकली, सगळ्यांना आजची तारीख दिली आणि ॲप काढून टाकलं. ती ११ कामं अजून माझ्या गळ्यात आहेत.

मध्यंतरी ऑफिसातल्या एका पोराने ट्रेलो नावाचं ॲप शिकवलं, कामांची कार्डं बोर्डवर लावायचं. त्याच्या मुळाशी टोयोटाची कानबान पद्धत, ताइइची ओनो यांनी कारखान्यात बसवलेली, कार्ड आल्याशिवाय पुढचा भाग बनवायचाच नाही असा तिथे दंडक. बोर्डवर तीन रकाने. मी मराठीत नावं दिली, 'करायचंय', 'चाललंय', 'झालं'. पहिल्या आठवड्यातच 'चाललंय' मध्ये ६३ कार्डं. तो पोरगा हादरला, म्हणाला सर इथे एका वेळी तीन-चारच ठेवायची असतात. मी त्याला सांगितलं, अरे आपल्याकडे चाललंय याचा अर्थ सुरू आहे असा होत नाही. कसं काय? चाललंय. घराचं काम कुठवर आलं? चाललंय. तो रकाना म्हणजे भिजत घोंगड्यांची दोरी आहे, त्यावर कितीही वाळत घालता येतात. त्याने पुन्हा मला काही शिकवलं नाही.

सध्याचं ॲप पाचवं. ते हुशार आहे, वाक्यातूनच तारीख ओळखतं, पण इंग्रजीतून. मी रोमन अक्षरांत मराठी टाइप करतो, तर जोशांच्या सुनेची साडी परत द्यायची म्हणून 'सून' लिहिलं एस-यू-एन, ॲपला वाटलं संडे, त्याने सुनेला उचलून रविवारात टाकलं आणि यादीत राहिलं 'जोशी साडी परत'. मी ती साडी नेऊन जोशांच्या सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती आयुष्यात पहिल्यांदा बघितली, किंमतीची चिठ्ठी अजून लावलेली होती. त्या घरी माझं येणंजाणं तेव्हापासून कमी आहे.

आणि या सगळ्या काळात आईची पद्धत काय? भिंतीवर कालनिर्णय, १९७३ पासून निघतंय आणि एकदाही अपडेट मागितलेलं नाही. दोरीला बांधलेलं पेन. दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, कोणाला किती उसने दिले, सगळं त्या चौकोनांत. महिना संपला की पान उलटतं आणि मागचं काही पुढे येत नाही. मी तिला एकदा म्हटलं, आई यात राहिलेली कामं पुढे कशी नेतेस? ती म्हणाली, राहत नाहीत.

शनिवारी पोहे खाताना फोन वाजला. नळ. या कामाला मी 'दर शनिवारी' लावून ठेवलंय, सुट्टी असते म्हणून. आणि का कोण जाणे, या वेळी मी बशी ठेवून उठलोच.

"आई, पाना कुठंय?"

"कशाला?"

"नळाला. वॉशर बदलतो."

"कुठल्या नळाला?"

मी सिंकपाशी गेलो. नळ चकचकीत, उंच मान वळवलेला, अर्ध्या फेरीत बंद होणारा. खाली हात धरून उभा राहिलो. एक थेंब नाही.

"अरे तो बदलून दीड वर्ष झालं," आई म्हणाली. "वॉचमनला सांगितलं, त्याने प्लंबर पाठवला, वीस मिनिटांत करून गेला. तुझ्यासमोर बसून चहा प्यायला तो. तू फोनमध्ये कशाला तरी रंग देत बसला होतास."

"मग हा दर शनिवारी गळतोय तो कोण?"

"तुझ्या फोनमध्ये गळत असेल."

आतून बायकोचा आवाज आला, "भांडी घासली असतीस कधी तर कळलं असतं."

"बिलसुद्धा आहे बघ," आई म्हणाली, "निळ्या फायलीत ठेवलंय, वॉरंटी आहे ना."

माझ्या अंगावर काटा आला. "निळी फाईल? कुठंय निळी फाईल?"

"मला काय विचारतोस, गेल्या दिवाळीत तूच घेऊन गेलास ना, फार महत्त्वाची आहे म्हणून."

जाऊ दे, म्हटलं निदान एक तरी काम आज संपतंय, आठ-नऊ वर्षांचा सोबती. मी फोन उघडला, 'नळ – वॉशर' समोरच्या गोलावर बोट ठेवलं, टिंग वाजलं, ओळीवर काट पडली आणि नळ नाहीसा झाला. डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. तेवढ्यात तो परत आला. तारीख पुढच्या शनिवारची.

"झालं का रे?" आईने विचारलं.

"चाललंय."