आबा सही करायला आले होते

परवा दुपारी एक पोरगा टेबलावर आला. बीडीओ साहेबांना अर्ज टाईप करून हवा होता. विषय त्याने मोबाईलवर लिहूनच आणला होता : ‘आमच्या गावची ग्रामसभा इन कॅमेरा घेण्याबाबत.’

मी म्हटलं, दादा, गावाला बाहेर काढून, दार लावून सभा घ्यायची का?

तो म्हणे, नाही हो काका, उलट. शूटिंग करायचंय. सरपंच काय बोलतो ते रेकॉर्ड झालं पाहिजे.

म्हणजे गड्याला जे हवं होतं, नेमकं त्याच्या उलट तो लेखी मागायला निघाला होता. कॅमेरा हा मुळात लॅटिन शब्द, अर्थ खोली. इन कॅमेरा म्हणजे खोलीत, बंद दाराआड. फोटोचा कॅमेरा फार नंतरचा. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडलं की बाहेरचं चित्र समोरच्या भिंतीवर उलटं पडतं. त्या खोलीला म्हणायचे ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’, अंधारी खोली. पुढे खोली आक्रसत आक्रसत पेटीएवढी झाली, ‘अंधारी’ गळून पडलं आणि नुसती ‘खोली’ उरली. आज आपण सगळे ती खोली खिशात घेऊन फिरतोय.

पोराला तरी काय बोलणार? पेपरात ‘नातेवाइकांच्या मागणीवरून इन कॅमेरा शवविच्छेदन’ असं छापून येतं, तिथे अर्थ असतो व्हिडीओ काढून. आणि अत्याचाराच्या खटल्यात ‘इन कॅमेरा सुनावणी’ असते, तिथे अर्थ असतो सगळ्यांना बाहेर काढून. एकच शब्द, एकच पेपर, अर्थ दोन टोकांचे. मी अर्जात ‘ग्रामसभेचे चित्रीकरण करण्याबाबत’ असं टाकलं. पोराचं तोंड जरा उतरलं. त्याला वाटलं, अर्जाचं वजन कमी झालं.

ते ‘वजन’ डोक्यात बसलं म्हणून आज हे लांबलचक लिहितोय.

मी वकील नाही. गेली २२ वर्षं आमच्या धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंग करतो. आधी मशीन होतं, आता कॉम्प्युटर आणि कायम कागद अडकणारा प्रिंटर आहे. बी.ए. संस्कृत घेऊन केलं. त्याचा पोटाला काही उपयोग झाला नाही, पण विभक्त्या ओळखायची खोड मात्र लागली. दिवसभर हाताखालून शपथपत्रं, नोटिसा, हरकती जातात आणि त्यांत हे लॅटिन खडे सापडत राहतात. सुमोटो, प्रायमा फेसी, एक्स पार्टे, लोकस स्टँडी (म्हणजे दाद मागायचा हक्क). सुमोटो म्हणजे ‘आपणहून’. कोणी तक्रार केली नाही तरी कोर्टाने स्वतः दखल घेतली, एवढंच. पण आमच्या चहावाल्याला कित्येक वर्षं वाटायचं की याचा सुमो गाडीशी काहीतरी संबंध आहे, जप्तीबिप्ती.

हसू नका. मी पण हसत नाही. कारण सांगतो.

मी तेव्हा कॉलेजला होतो. आमच्या आबांची बांधावरून चुलतभावाशी दिवाणी चालू होती. त्याच वादातलं एक अपील वरच्या कोर्टात पडून होतं, म्हणून खालच्या कोर्टाने आमचं प्रकरण थांबवून ठेवलं. वकिलांनी व्हरांड्यात चालता चालता सांगितलं, ‘आबा, मॅटर साईन डाय झालं,’ आणि ते पुढच्या पक्षकाराकडे वळले. आबांनी ‘साईन’ तेवढं पकडलं. आबांना सही येत होती, आणि आपल्याला अंगठा लावावा लागत नाही याचा त्यांना अभिमानही होता. घरी येऊन आईला सांगितलं, सहीला बोलावतील.

महिनाभर निरोप आला नाही. ऐन श्रावणात, कपाशीत निंदणी चालू, बाया लावलेल्या, आणि आबा एका सकाळी धुतलेली टोपी घालून, माझ्या दप्तरातला निळा पेन खिशाला लावून एसटीने तालुक्याला निघाले. मी सोबत होतो. ऑफिसात जाऊन आबा म्हणाले, साहेब, ती सही राहिली होती ना, करून जातो.

आधी कारकून हसला. मग वकील हसले. दुष्टपणाने नाही, पण हसले. मग म्हणाले, ‘अहो आबा, साईन डाय म्हणजे बेमुदत. सही नाही काही.’

आबांनी पेन परत खिशाला लावला आणि शांतपणे म्हणाले, ‘मंग बेमुदतच म्हनानं ना भाऊ. मी निंदनी सोडीसन काबर उनू?’ म्हणजे, निंदणी सोडून मी आलो कशाला?

त्या प्रश्नाला तिथे कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच. कॉलेजात शिकणारा मुलगा शेजारी उभा, त्यालाही साईन डाय म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली म्हणून महिनाभर तो गप्प राहिला होता.

पुढे कधीतरी डिक्शनरी काढून पाहिलं. ‘सिने’ म्हणजे विना, ‘दिए’ म्हणजे दिवस. दिवसाविना. पुढची तारीख न देता. इंग्रजांच्या तोंडात त्याचं साईन डाय झालं. आणि गंमत म्हणजे हा ‘दिए’ आपल्या ‘दिवस’चा लांबचा भाऊबंद आहे, दोघांचं मूळ एक. म्हणजे आबांना त्यांच्याच भावकीतल्या शब्दाने फसवलं. बांधाच्या केसमध्ये हे शोभूनही दिसतं म्हणा.

हाच ‘दिवस’ डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही बसलेला असतो. बी.डी. म्हणजे ‘बिस दिए’, दिवसातून दोनदा. टी.डी.एस. म्हणजे ‘तेर दिए सुमेन्दुम’, दिवसातून तीनदा घ्यायचं. त्यातले बिस आणि तेर हे आपले संस्कृतातले द्विः आणि त्रिः. एस.ओ.एस. लिहिलं की लोक घाबरतात, बुडत्या जहाजाची हाक वाटते. ते ‘सि ओपुस सित’ आहे, म्हणजे गरज पडली तरच घ्या. चिठ्ठीच्या डोक्यावरचं ते आर-एक्स म्हणजे ‘रेसिपे’, घे. आमचे एक निवृत्त गुरुजी टी.डी.एस. बघून मेडिकलवाल्याला म्हणाले होते, पेन्शनमधून कापला तो कमी होता का, आता गोळीवर पण?

पण मेडिकलवाल्यांचं मला कौतुक आहे. त्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला. पाकिटावर पेनने लिहून देतात १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. याला कोणती भाषा लागते? शाळेत न गेलेली आमची मावशी बिनचूक गोळ्या घेते. मग जे मेडिकलच्या काउंटरवर जमतं ते कोर्टाच्या व्हरांड्यात का जमू नये?

शब्द नाहीत अशी सबब कोणी सांगू नये. उलट इतके नेमके शब्द आपल्याकडे आहेत की कधी कधी मूळ लॅटिनच त्यांच्यापुढे फिकं वाटतं. एक्स पार्टे म्हणजे एकतर्फी. सब ज्युडिस म्हणजे न्यायप्रविष्ट. प्रायमा फेसी, प्रथमदर्शनी. एक्स ऑफिशियो, पदसिद्ध. अ‍ॅमिकस क्युरी म्हणजे कोर्टाचा मित्र, त्याला ‘न्यायमित्र’ म्हणतात. याहून चांगला शब्द कोणी दाखवावा. भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार कोश काढून ठेवलाय. हायकोर्टाचं कामकाज घटनेच्या ३४८व्या कलमाप्रमाणे इंग्रजीत चालतं, ते समजू शकतो. संभाजीनगरच्या खंडपीठात गेलेला आमच्याकडचा माणूस परक्या भाषेतला पिक्चर बघितल्यासारखा बसून असतो, तेही एक वेळ ठीक. पण तालुका कोर्टाची भाषा मराठी आहे. आणि व्हरांड्यात पक्षकाराशी बोलायला तर कुठल्याच कलमाची आडकाठी नाही.

ज्यांच्याकडून आपण हे घेतलं त्या इंग्रजांनी तरी कुठे जपलं? इंग्लंडमध्ये १९९९ साली दिवाणी कामकाजाचे नवे नियम आले, तेव्हा त्यांनी लॅटिन सरळ उचलून बाहेर ठेवलं. एक्स पार्टेच्या जागी ‘नोटीस न देता’, इन कॅमेराच्या जागी ‘खाजगीत’, असं साध्या इंग्रजीत आलं. सामान्य माणसाला आपली केस कळली पाहिजे, हे कारण. पुढे त्यांनी मँडॅमस, सर्शिओरारी ही नावंसुद्धा बदलून ‘आज्ञा करणारा आदेश’, ‘रद्द करणारा आदेश’ अशी केली. घरमालकाने जुनं कपाट भंगारात काढलं आणि भाडेकरू त्याला अजून उदबत्ती ओवाळतोय, असं आपलं चाललंय.

आणि यातलं बरंचसं मुळात किती साधं आहे बघा. अलिबाय म्हणजे ‘दुसरीकडे’, एवढंच. आरोपी म्हणतो मी तेव्हा तिथे नव्हतोच. व्हाइस व्हर्सा म्हणजे ‘जागा उलटल्या तर’. क्वो वॉरंटो म्हणजे ‘कोणत्या अधिकाराने?’ आमच्याकडे बांधावर हाच रिट अर्ज रोज तोंडी होतो : ‘तुले कोनी सांगं रे?’ हेबियस कॉर्पसमध्ये तर नुसती एक आज्ञा आहे : देह हजर कर. कोंडून ठेवलेला माणूस समोर आण. आणीबाणीत, १९७६ साली, सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की हे सुद्धा आता मागता येणार नाही, तो एकटा ‘नाही’ म्हणणारा न्यायाधीश म्हणजे न्या. ह. रा. खन्ना. तो निकाल चुकीचा होता हे कोर्टाने २०१७ मध्ये मान्य केलं. एवढा जीव ज्या दोन शब्दांत आहे, ते लोकांना मंत्रासारखे पाठ करायला लावायचे की अर्थासकट सांगायचे?

आता कोणी म्हणेल, हा लॅटिनद्वेष्टा दिसतो. नाही हो. काही शब्द आपल्याकडे सुनेसारखे आले आणि घरचे झाले. कॅव्हेट घ्या. मूळ अर्थ ‘त्याने सावध राहावं’. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८-अ, मुदत ९० दिवस. मला ऐकल्याशिवाय समोरच्याच्या बाजूने मनाईहुकूम देऊ नका, असं आधीच सांगून ठेवायचं. ज्या बाबाला अर्जावरचं स्वतःचं वय आठवत नाही त्याला कॅव्हेटचे ९० दिवस कधी भरतात ते तोंडपाठ असतं. आमच्याकडे सोयरिकीच्या गोष्टीतही म्हणतात, ‘पोरगी चांगली आहे, पण तिच्या आत्याने आधीच कॅव्हेट टाकून ठेवलाय.’ हा शब्द आता आपला. त्याला हात लावू नका.

बोनाफाईड तसंच. ‘चांगल्या विश्वासाने’ असा अर्थ. एसटीच्या पासासाठी पाचवीतलं पोर मागतं, ‘सर, बोनाफाईड द्या ना,’ आणि विश्वास या गोष्टीवर अजिबात विश्वास नसलेला कारकून तीनदा रजिस्टर उघडून ते देतो.

आणि ज्या एसटीने ते पोर जातं, ती बस! मला या सगळ्यात सर्वात आवडणारा शब्द. मूळ ‘ओम्निबस’, म्हणजे ‘सगळ्यांसाठी’. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये कोणीही चढावं अशा घोडागाड्या निघाल्या, त्यांना हे नाव पडलं. मग घाईच्या लोकांनी पुढचा ‘सगळे’ टाकून दिला आणि मागचा प्रत्यय तेवढा ठेवला. बस म्हणजे नुसती चतुर्थी विभक्ती. ‘-साठी’. आणि आपल्या एसटीचं ब्रीदवाक्य काय? ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय.’ ती पण चतुर्थीच! धुळ्याच्या स्टँडवर शिरपूर गाडीच्या दारात लोंबकळताना हे पहिल्यांदा लक्षात आलं आणि मी एकटाच हसलो. शेजारचा माणूस जरा सरकला. संस्कृत घेऊन बी.ए. केल्याचा तेवढाच फायदा, गर्दीत जागा मिळाली.

कोरमबद्दल मात्र माझं मन दुभंगलंय. त्याचा अर्थ ‘ज्यांपैकी’. जुन्या इंग्लंडात न्यायाधीश नेमताना लिहीत, ‘ज्यांपैकी तुम्ही एक असावं अशी आमची इच्छा आहे’, त्यातला हा तुटलेला तुकडा. आपल्या ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा हजर लागतो. गणपूर्ती हा शब्द सुरेख आहे, पण पारावर कोणी गणपूर्ती म्हणत नाही. ‘कोरम भरना नही’ हेच म्हणतात. आणि तहकूब सभेला ती अट नसते, हे ज्यांना माहीत असतं ते पहिल्या सभेला मुद्दाम येत नाहीत. इथे शब्द कळून भागत नाही, नियम कळावा लागतो. असो.

मूळ मुद्दा तो पोरगा म्हणाला त्या वजनाचा आहे. कळत नाही ते वजनदार, ही आपली सवय. ‘स्टेटस को’चा, म्हणजे ‘जैसे थे’चा आदेश झाला म्हटलं की भाऊ-भाऊ कोर्टातून घरी जातात आणि रात्री फोन करतात, ‘काका, स्टेटस को म्हणजे उभा कापूस वेचायचा का नाही?’ खरा प्रश्न हा आहे, आणि तो कोर्टातच, तिथल्या तिथे वकिलाला विचारायचा असतो. फी दिली आहे. विचारा. ते चिडले तर चिडू देत. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ पासून अभिजात दर्जा आहे, तो काय फक्त बॅनरवर लावायला?

मी माझ्यापुरतं एक केलंय. टेबलाच्या काचेखाली एक कागद सरकवलाय. डावीकडे असे २७ शब्द, उजवीकडे त्यांचा अर्थ, मोठ्या अक्षरात. लोक प्रिंट निघेपर्यंत वाचत बसतात. गेल्या आठवड्यात एका ज्युनिअर वकील पोरीने इकडेतिकडे बघून हळूच त्याचा फोटो काढला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

कागदावरची पहिली ओळ अशी आहे :

साईन डाय : बेमुदत तहकूब. सही लागत नाही.