ईस्टरला चंद्रापासून तोडू नका

ईस्टरची, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाची, तारीख एकदाची पक्की करून टाका, ही मागणी दर काही वर्षांनी पुन्हा वर येते. २०१६ मध्ये कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख धर्मगुरू, जस्टिन वेल्बी यांनी एप्रिलचा दुसरा किंवा तिसरा रविवार सुचवला होता. ब्रिटिश संसदेनं तर १९२८ सालीच कायदा केलाय: एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. कायदा मंजूर झाला, पण आजतागायत लागू झालेला नाही. तो लागू झाला नाही याचा मला मनापासून आनंद आहे. का, ते सांगते. पोस्ट लांबणार आहे.

येशूला क्रूसावर खिळलं ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत. नेमकं सणाच्या दिवशी की आदल्या दिवशी, यावर शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत, फरक आहे. पण वल्हांडणाचा संदर्भ चारींतही आहे. वल्हांडणाचा कोकरा निसान महिन्याच्या १४ तारखेला कापायचा, आणि यहुदी महिना नव्या चंद्रापासून सुरू होतो. म्हणजे ती वसंतातली पौर्णिमा. आपल्या रायगडातले बेने इस्रायली यहुदी लोकही वल्हांडण पाळतात ते याच पौर्णिमेच्या हिशोबानं. त्या आठवड्यात यरुशलेमवर मोठा चंद्र होता, हे आपल्याला खात्रीनं माहीत आहे. येशूच्या जन्माची तारीख कुठल्याच शुभवर्तमानात नाही. मरणाची आणि पुनरुत्थानाची वेळ मात्र चंद्रानं आपल्यापर्यंत आणून पोहोचवली. हा धागा कुणी सुट्ट्यांच्या सोयीसाठी कापायला निघालं की मला राहवत नाही.

दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधले ख्रिस्ती निसानच्या १४ तारखेलाच सण करायचे, मग तो मंगळवार असो की शुक्रवार. रोमचे लोक म्हणायचे, पुनरुत्थान रविवारी झालं, तेव्हा सण रविवारीच. साधारण इ.स. १५५ च्या सुमारास स्मर्नाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरचे, वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले. तिथले बिशप अनिसेटस यांच्याशी बोलणं झालं. दोघांनीही एकमेकांचं म्हणणं मान्य केलं नाही. आणि तरीही अनिसेटस यांनी मान म्हणून पॉलिकार्पना आपल्या चर्चमध्ये मिस्सा (ख्रिस्ती उपासनेचा मुख्य विधी) अर्पण करायला दिला, आणि दोघं शांतीनं निरोप घेऊन वेगळे झाले. ईस्टरच्या सगळ्या इतिहासातला हा प्रसंग मला सर्वांत मोठा वाटतो. पुढे १९० च्या आसपास रोमचे बिशप व्हिक्टर आशियाच्या चर्चना बहिष्कृत करायला निघाले, तेव्हा आजच्या फ्रान्समधल्या ल्योंचे बिशप इरेनियस यांनी त्यांना पत्र लिहून याच भेटीची आठवण करून दिली. तारीख वेगळी असूनही आपण एकमेकांशी शांतीनं राहतो, असं त्यांचं म्हणणं.

मग ३२५ साली निकियाची परिषद, म्हणजे ठिकठिकाणच्या बिशपांची मोठी सभा. तिनं ठरवलं की सगळ्यांनी एकाच रविवारी ईस्टर करायचा आणि त्यासाठी यहुद्यांच्या पंचांगावर अवलंबून राहायचं नाही. दुसऱ्या भागात बोच आहे. सम्राट कॉन्स्टंटाइननं परिषदेनंतर पाठवलेल्या पत्रात यहुद्यांबद्दल जे विखारी लिहिलंय ते वाचताना एक ख्रिस्ती म्हणून मान खाली जाते. ज्यांच्या सणातून आपला सण आला, त्यांच्यापासूनच दूर जाण्यासाठी तारीख वापरली गेली. चर्चमध्ये याबद्दल मोकळेपणानं बोललं गेलं पाहिजे.

२१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, हा नियम आपण निकियाच्या नावावर सांगतो. पण परिषदेच्या उपलब्ध ठरावांत तो या शब्दांत नाही. तो रुळला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या चर्चच्या गणितामुळे, आणि ते गणित मराठी माणसाला चटकन समजेल असं आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. १९ वर्षांचे साधे महिने २२८, चंद्राचे मात्र २३५. वरचे ७ कुठे घालायचे? आपण अधिक मास घालतो. १९ वर्षांचं हे चक्र अथेन्सचा खगोलज्ञ मेटन यानं इ.स.पू. ४३२ मध्ये मांडलं म्हणून त्याच्या नावानं ओळखलं जातं, आणि अलेक्झांड्रियानं तेच घेतलं.

म्हणूनच ईस्टर बऱ्याचदा हनुमान जयंतीच्या मागोमाग येतो. २०२३ ला हनुमान जयंती ६ एप्रिल, ईस्टर ९ एप्रिल. २०२६ ला २ आणि ५ एप्रिल. पौर्णिमा एकच! कधी मेळ बसत नाही. २०२४ ला आपण होळीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चलाच ईस्टर केला, कारण २५ मार्चची पौर्णिमा चर्चच्या नियमात बसली. यहुद्यांनी आणि आपल्या पंचांगानं ती आदल्या महिन्यात मोजली. ऑर्थोडॉक्स, म्हणजे ग्रीस-रशियाकडच्या पूर्वेकडील, चर्चचा ईस्टर तर ५ मेला आला.

या तारखेपायी जगाचं किती काही बदललंय! ५२५ साली डायोनिसियस एक्झिगस नावाचा मठवासी रोममध्ये ईस्टरचे तक्ते करत होता. तोवर त्या तक्त्यांत वर्षं डायोक्लेशियन या सम्राटापासून मोजली जायची. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्याचं नाव पुढे चालवायचं नाही म्हणून त्यानं ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजली. आपण रोज लिहितो ते इसवी सन ईस्टरच्या तक्त्यातून आलं. इंग्लंडच्या नॉर्थंब्रियात राजा ईस्टरची मेजवानी करतोय आणि राणी अजून झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार) पाळत उपाशी, असं बीड नावाच्या इंग्लंडमधल्या मठवासी इतिहासकारानं लिहून ठेवलंय. ते भांडण ६६४ मध्ये व्हिटबीच्या धर्मसभेत मिटलं. आणि १५८२ ची कॅलेंडर सुधारणाही मुख्यतः ईस्टरसाठीच होती. ज्युलियन वर्ष ११ मिनिटांनी लांब, त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा दिवस (नियमातला २१ मार्च तोच), घसरत ११ मार्चपर्यंत आला होता. पोप ग्रेगरी तेरावे यांनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चनी ईस्टरसाठी ते मानलं नाही, म्हणून त्यांचा २१ मार्च आपल्या ३ एप्रिलला उजाडतो.

आता मुद्द्याचं. सर्वांचा ईस्टर एका दिवशी यावा, असं मलाही वाटतं. २०२५ ला निकियाच्या १७०० व्या वर्षी दोन्ही ईस्टर २० एप्रिलला आले, तेव्हा फार बरं वाटलं. पोप फ्रान्सिस यांनी त्याच जानेवारीत समान तारखेचं आवाहन पुन्हा केलं होतं. पण 'एक तारीख' आणि 'पक्की तारीख' या दोन मागण्या वेगळ्या आहेत, आणि बातम्यांत त्यांची सर्रास सरमिसळ होते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्ये ठरावीक रविवाराला आपली हरकत नाही असं म्हटलं, तेही इतर ख्रिस्ती बांधवांची संमती असेल तरच. माझी स्वतःची हरकत आहे. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार, त्याआधीचा गोव्याचा कार्निव्हल, ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशीचा पेंटेकॉस्ट, सगळं वर्ष या पौर्णिमेभोवती फिरतं. शाळा-कचेऱ्यांनी तिच्याकडे पाहून वेळापत्रक करावं. गणपती-दिवाळीसाठी आपण दरवर्षी तेच करतो, आणि कुणाचं काही अडत नाही.

१९९७ मध्ये सीरियातल्या अलेप्पोत जागतिक चर्च परिषदेच्या बैठकीत एक प्रस्ताव आला होता: निकियाचा नियम तसाच ठेवा, फक्त संपात आणि पौर्णिमा तक्त्याऐवजी खऱ्या आकाशावरून, यरुशलेमच्या रेखांशावर काढा. मला हाच रस्ता पटतो. यात आपल्यालाही झुकावं लागेल. २०१९ ला संपातानंतर काही तासांतच पौर्णिमा झाली होती, पण चर्चच्या तक्त्यानं ती मोजली नाही आणि ईस्टर २१ एप्रिलला गेला. अलेप्पोच्या हिशोबानं तो २४ मार्चला आला असता, आणि राखेचा बुधवार ६ फेब्रुवारीला. ऑर्थोडॉक्स बांधवांना आपल्यापेक्षा खूप जास्त वर्षी तारीख सोडावी लागेल, म्हणून त्यांच्यावर घाई लादू नये. ते तयार होईपर्यंत दोन ईस्टर राहिले तरी चालतील. पॉलिकार्प आणि अनिसेटस यांचं त्यावाचून अडलं नव्हतं.